ऑनलाइन जाहिरात बघून जुनी बोट घेताय? या चुका टाळा

जुन्या बोटीच्या जाहिराती साधारण एकाच छापाच्या असतात. पहिला फोटो लांबून काढलेला, उन्हात चकाकणारी बोट, मग सीट, मग म्युझिक सिस्टीम, मग फिश फाइंडरची स्क्रीन, आणि शेवटी कुठेतरी इंजिनचा एक फोटो, तोही कव्हर बंद असलेला. खाली लिहिलेलं असतं, "इंजिन एकदम ओके, फार कमी वापरलेली, घ्या आणि पाण्यात उतरवा." गंमत म्हणजे घेणारा जागेवर गेला की बोटसुद्धा याच क्रमाने बघतो. सीटवर बसतो, स्टिअरिंग फिरवतो, स्क्रीन लागते का बघतो आणि इंजिन सुरू झालं की खूश. पण नंतर खिशातून पैसा जातो तो बरोब्बर उलट्या क्रमाने जातो. आधी हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, आणि त्याच्या आतला सांगाडा, मग इंजिन आणि ड्राइव्ह (इंजिनची ताकद पंख्यापर्यंत नेणारा भाग), मग टाकी-वायरिंग, सीट आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी. फाटलेली सीट कोणीही शिवून देईल हो, कुजलेला ट्रान्सम (बोटीची मागची उभी भिंत) बदलायचा तर बोटीची मागची बाजूच उघडावी लागते, आणि स्वस्तातल्या बोटीत तो खर्च बोटीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो.

त्यामुळे खाली ज्या चुका लिहिल्यात त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, विकणाऱ्याने जे दाखवलं तेच आपण बघत बसतो.

घरबसल्या कळण्यासारखं न विचारताच निघणं

जायच्या आधी चार फोटो मागा: बिल्ज (बोटीच्या तळातला पाणी साचतं तो भाग) उघडून आतला, इंजिनचं कव्हर काढून, ट्रान्समचा आतल्या बाजूने, आणि बोटीच्या हल नंबरचा. खरा विकणारा तासाभरात पाठवतो. "समोरासमोर बघू ना" म्हणत टाळाटाळ करणाऱ्याकडे पाणी कुठेतरी मुरतंय असं समजायला हरकत नाही. जाहिरातीतले फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून बघा, तीच बोट दुसऱ्याच गावात दुसऱ्याच नावाने विकायला ठेवलेली दिसली तर विषय तिथेच संपला. आणि "मी सध्या परदेशात आहे, टोकन पाठवा, बोट ट्रान्सपोर्टने येईल" ही कॅसेट तर इतकी जुनी झालीय की आता तरी कोणी फसू नये, पण किंमत भलतीच कमी दिसली की भलेभले विरघळतात.

हल नंबर म्हणजे बोटीचा चॅसी नंबरच. अमेरिकेत तो १९७२ च्या शेवटापासून लागतो, १२ अक्षरी, आणि आयएसओ १००८७ या स्टँडर्डप्रमाणे त्याच्या पुढे देशाची दोन अक्षरं लागून १४ होतात. नेहमी ट्रान्समवर वरच्या भागात उजव्या बाजूला असतो. सध्याच्या पद्धतीत शेवटचे दोन आकडे मॉडेल इयर सांगतात, म्हणजे जाहिरातीत २०१५ लिहिलंय आणि नंबर ०९ ने संपतोय तर विचारा की बाबा ही सहा वर्षं कुठे गेली. नंबर खरवडलेला, रंगाखाली गेलेला किंवा प्लेट नव्या रिव्हेटने ठोकलेली असेल तर कागद कितीही छान दिसू देत, मी तरी पुढे जाणार नाही.

चमक बघून हल पास करणं

पॉलिश मारलं की वीस वर्षांची बोटसुद्धा फोटोत नवी दिसते. तेव्हा समोरून बघू नका, एका टोकाला उभं राहून डोळा हलच्या जवळ नेऊन लांबवर बघा, जिथे पृष्ठभाग लाटेसारखा वरखाली दिसतो किंवा रंगाची छटा किंचित बदलते तिथे कधीतरी रिपेअर झालेलं असतं. रिपेअर वाईट असतं असं नाही, लपवलेलं वाईट. जेलकोटला (फायबरवरचा चकचकीत बाहेरचा थर) बारीक तडे असतील तर त्यांचा आकार बघा, एका बिंदूतून चांदणीसारखे फुटलेले असतील तर तिथे काहीतरी जोरात आपटलंय, आणि एकमेकांना समांतर असतील तर तो भाग चालताना वाकतोय, म्हणजे आतला आधार कमी पडतोय. दुसरा प्रकार जास्त काळजीचा.

आता खरं काम. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घ्या, नसेल तर स्क्रूड्रायव्हरची मूठ चालेल, आणि डेकवर दर चार बोटांवर हलकं ठोकत जा. चांगलं फायबर खणखणीत वाजतं. जिथे आवाज एकदम बद्द येतो तिथे थर सुटलेत किंवा आतला गाभा ओला झालाय. बऱ्याच बोटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असतं, आणि डेकवर बसवलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे त्या लाकडापर्यंत जाणारं एक भोक. सीलंट सुकलं की पाणी तिथूनच आत उतरतं. म्हणून क्लीटच्या (दोर बांधायचा खुंटा) भोवती, रेलिंगच्या पायाशी, हॅचच्या (डेकवरचं झाकण) कडेला जरा जास्त वेळ द्या, आणि जिथे आवाज बदलला तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवत चला. शेवटी मागे सरकून बघितलं की टेपचे तुकडेच सांगतात ओल कुठून कुठे पसरलीय. विकणाऱ्याचा चेहराही तेव्हा बघण्यासारखा असतो.

ट्रान्समसाठी सोपी युक्ती आहे. आउटबोर्ड (ट्रान्समला बाहेरून टांगलेलं इंजिन) थोडं वर उचला आणि खालचा पाय धरून वरखाली दाबा, त्याच वेळी दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. इंजिनसोबत ट्रान्सम हलताना दिसला, किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपलं, तर आतलं लाकूड गेलंय. "थोडं हलतंच हो सगळ्यांचं" यावर विश्वास ठेवायचा नाही.

तळाला फोड दिसले की मात्र लोक उगाच घाबरतात. फायबरमध्ये पाणी शिरून हे ऑस्मोसिसचे फोड येतात, फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं पाणी निघतं, आणि आत दाब असतो त्यामुळे चष्मा घातल्याशिवाय आणि मालकाला विचारल्याशिवाय टोचायच्या भानगडीत पडू नका. थोडेफार बारीक फोड हे भाव कमी करायचं कारण आहे, बोट सोडायचं नाही. मला तर कुजक्या डेकपेक्षा फोड परवडले. ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचंही तसंच, बोट पाण्यातून नुकतीच वर काढली असेल किंवा आत धातू असेल तर तो वाटेल ते आकडे दाखवतो, म्हणून एकट्या मीटरवर निर्णय घेऊ नका.

एक गोष्ट फार कमी लोक करतात. जुन्या बोटींच्या फ्लोअरखाली भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पितो आणि वरून काहीच कळत नाही. बोट ट्रेलरवर असेल तर वजनकाट्यावर न्या, ट्रेलर, इंजिन आणि इंधनाचं वजन वजा करा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. भरमसाट फरक आला तर ते वजन कशाचं आहे हे वेगळं सांगायला नको.

गरम इंजिनावर भरवसा

फोनवरच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." आणि पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा, कोमट लागलं तर समजा तुमच्या आधी कसरत झालेली आहे. थंड इंजिन सुरू व्हायला किती कुरकुर करतं यातच अर्धा निकाल असतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, फक्त टू-स्ट्रोक सुरुवातीला थोडा निळा धूर सोडतंच तो सोडून द्या. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाहीये. पांढरा थंडीत वाफेचाही असतो, पण इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर पाणी आत शिरतंय अशी शंका घ्यायची. जमिनीवर सुरू करणार असाल तर पाण्याची नळी जोडल्याशिवाय नाही, कोरडं चालवलं की रबराचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारा छोटा पंखा) बघता बघता जळतो. आउटबोर्डच्या बाजूने पाण्याची बारीक धार जोरात पडली पाहिजे, लघवी झाल्यासारखी थेंब थेंब नको.

मग मेकॅनिकला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायला सांगा. आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं, एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असेल तर तिथे काम निघणार. आणि लोअर युनिटचा (इंजिनचा खालचा, गिअर आणि पंख्याचा भाग) खालचा स्क्रू मालकाच्या परवानगीने हळूच सैल करून दोन-चार थेंब बोटावर घ्या. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे असेल तर तेच आधी येतं, किंवा ऑइल दुधाळ दिसतं, म्हणजे सील गेलेत. स्क्रूच्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असला तर चालतं, धातूचे कण बोटाला टोचले तर गिअर खातायत. ऑइल अगदी मधासारखं स्वच्छ असेल तरी लगेच हुरळून जाऊ नका, कालच बदललेलं असू शकतं, ट्रायल झाल्यावर पुन्हा दोन थेंब बघा.

कमी तास चाललेलं इंजिन म्हणजे चांगलं, हा पण एक गोड गैरसमज आहे. बारा-पंधरा वर्षांत नगण्य चाललेलं इंजिन म्हणजे वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन, सील कडक झालेले, इम्पेलर एकाच आकारात बसलेला, टाकीत जुनं पेट्रोल, आणि त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं, ती जास्त झाली की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. नियमित चालवलेलं आणि सर्व्हिसची बिलं असलेलं इंजिन मी कधीही आधी निवडेन. तासांचा आकडाही मीटरवरून नको, नव्या इंजिनांत कॉम्प्युटर जोडून खरे तास आणि ते किती आरपीएमवर गेले हेही निघतं.

स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, ड्राइव्ह ट्रान्समच्या बाहेर) असेल तर रबरी बेलोज (पाणी अडवणारी घड्यांची नळी) वाकवून घड्यांच्या आत बघा, तडे असतील तर बोट उभ्या जागी पाणी भरून बुडू शकते. सेलड्राइव्हच्या (शिडाच्या बोटीत तळातून खाली जाणारा ड्राइव्ह) पाणी अडवणाऱ्या रबरी डायफ्रामसाठी व्होल्व्हो पेंटा ही इंजिन कंपनी सात वर्षं सांगते, शेवटचा कधी बदलला याचं बिल मागा, तोंडी उत्तर नको.

पाण्यात न उतरवता "चालू आहे" मानणं

नळीवर सुरू होणं आणि पाण्यात लोडवर पळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रायल देत नाही म्हटलं तर बोट घेत नाही म्हणा. निघायच्या आधी बिल्ज पुसून कोरडं करा. पाण्यात इंजिन नीट गरम झालं की काही मिनिटं फुल थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा, कंपनीने दिलेल्या रेंजपर्यंत पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर पंखा चुकीचा आहे, तळ घाण आहे किंवा इंजिनात दम नाही, आणि यातलं कुठलं ते शोधल्याशिवाय भाव ठरवू नका. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, रिव्हर्स टाका, टेंपरेचरवर नजर ठेवा, परत आल्यावर बिल्जमध्ये हात घाला. पाणी असेल तर चाखायची गरज नाही, पण ते कुठून आलं हे कळल्याशिवाय निघायचं नाही.

बुडून वर काढलेली बोट न ओळखणं

पूर किंवा वादळानंतर अशा बोटी बाजारात येतात, धुऊन-पुसून. कपाटाच्या आत, सीटखालच्या कोपऱ्यात, वायरच्या गुंडाळीत बारीक गाळ शोधा, तिथपर्यंत कोणी धूत नाही. आतल्या भिंतीवर एका सरळ रेषेत डाग, स्विच पॅनेलच्या मागे हिरवट झालेले कनेक्टर, आणि जुन्या बोटीत फक्त वायरिंग आणि कार्पेट नवं कोरं, हे एकत्र दिसलं की समजून जा. कुबट वास लपवायला अगरबत्ती किंवा स्प्रे मारलेला असेल तर ते उत्तरच आहे.

लहान वाटणाऱ्या वस्तू

सीकॉक (हलच्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) सगळे उघड-बंद होतात का बघा. पितळी असतील आणि खरवडल्यावर गुलाबीसर दिसले तर त्यातलं जस्त निघून गेलंय, ते कधीही तुटतील, आणि पाण्याच्या पातळीखाली तुटले तर काय होतं ते लिहायला नको. झिंक ॲनोड (बाकीचा धातू वाचवायला स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा) अर्धवट खाल्लेला दिसला तर छान, तो काम करतोय. बोट बरेच दिवस पाण्यात असूनही तो कोरा करकरीत असेल तर त्याचं कनेक्शनच नाही किंवा कोणीतरी त्यावर रंग मारलाय, म्हणजे गंज दुसरं काहीतरी खातोय.

कागद आणि सर्व्हेअर

बोट, इंजिन आणि ट्रेलर यांची मालकी वेगवेगळी असू शकते, कर्जही वेगवेगळं. तिन्हींचे नंबर कागदाशी स्वतः जुळवा, कर्ज फिटल्याचं पत्र बघा. पैसे देताना "सर्व्हे आणि ट्रायल पटली तरच, नाहीतर टोकन परत" हे लिहून घ्या. सर्व्हेअर (बोट तपासून देणारा तज्ज्ञ) तुमचा तुम्ही शोधा, विकणाऱ्याने "आपला माणूस आहे" म्हणून पाठवलेला नको. छोट्या उघड्या बोटीला चांगला मेकॅनिक पुरतो, पण केबिनवाली किंवा इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) असेल तर सर्व्हेची फी वाचवणं म्हणजे आतबट्ट्याचा धंदा.

आणि ट्रेलरकडे बघा, त्याच्याकडे कोणीच बघत नाही. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा, मग नक्षी कितीही नवी दिसू दे, तो टायर बदलल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा, खरखर आली तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय, ते तिथेच बदलून घ्या किंवा भावातून कापा.