दहा बेरारी शेळ्यांपासून सुरुवात

विदर्भात शेळीपालन करायचं तर आधी बेरारी बघा. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला हा तिचा मुलूख. इथलं ऊन आणि इथलं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. ओळखायला सोपी: शिंगांपासून नाकपुड्यांपर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंनी पट्टा असतो.

घरच्या दोघांना झेपेल असा कळप म्हणजे दहा शेळ्या, एक बोकड. एकदा व्यालेली, दोन ते चार दाती (दोन-चार पक्के दात आलेली) शेळी ओळखीच्या गोठ्यातून घ्या. आठवडी बाजारात दहा गावची जनावरं एकमेकांना घासतात, तिथून पीपीआर हा शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग घरी येऊ शकतो. कुठूनही आणली तरी तीन आठवडे वेगळी बांधा.

शेळीमागे 10 ते 12 चौरस फूट छत, बोकडाला 20 ते 25, करडाला 4 ते 5. म्हणजे सोळाएक करडं धरून सारं मिळून सव्वादोनशे. बाहेर त्याच्या दुप्पट मोकळं आवार. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, ऊन आत कमी शिरतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा नुसत्या टिनाखाली जनावर धापा टाकतं. टिनावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, अर्धा फूट थर टाका. चराई सकाळी दहाच्या आत, नाहीतर पाचनंतर.

रोज शेळीमागे तीन-चार किलो हिरवा चारा आणि किलोभर तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. गाभण शेळीला शेवटचे दीड महिने 200 ते 250 ग्रॅम खुराक द्याच. लग्नातला उरलेला भात मात्र टोपलीभर टाकू नका. पोटात आम्ल वाढून धडधाकट शेळी एका रात्रीत जाते.

सगळा पैसा जगलेल्या करडांत आहे, आणि करडं दगावतात ती बहुतेक पावसाळ्याच्या चिखलात, हगवणीनं. गाभणकाळ 150 दिवसांचा. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बोकड वेगळा बांधा, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये वेत येणार नाही. मृगाच्या आसपास लावलेली शेळी पावसाळाभर हिरवं खाऊन नोव्हेंबरात विते. माज हुकला तर 21 दिवसांनी परत येतो, तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

व्याल्यावर करडाचं नाक-तोंड पुसा. नाळ दोन इंच ठेवून बांधा, निर्जंतुक ब्लेडनं कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. दोन किलोच्या करडाला दिवसभरात 200 मिली, तीन-चार वेळा मिळून. तिळं झालं की सर्वांत लहान करडू मागे ढकललं जातं, त्याला हातानं धरून पाजा.

जंताचं औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. मधल्या काळात खालची पापणी ओढून बघा: आतून गुलाबी-लाल असेल तर ठीक, पांढरट दिसली तर जंत रक्त पितायत. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस मे-जूनमध्ये, पहिल्यांदा 15 दिवसांच्या अंतरानं दोनदा. पीपीआरची करडू तीन महिन्यांचं झाल्यावर. औषधाची मात्रा पशुवैद्यकाकडून वजनावर ठरवून घ्या.

बोकड दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर, म्हणजे वयात आलेल्या लेकींवर, जातो आणि करडं खुरटी निघतात.

विक्री नजर-अंदाजानं करू नका. शंभर किलोचा टांगता काटा गोठ्यातच ठेवा, किलोचा भाव आधी ठरवा, मग बोकड टांगा. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. तिथून मागे मोजून वर्षाच्या वरचे, अखंड शिंगा-कानांचे बोकड वेगळे राखा.