मनातला घोडा आणि बाहेरचा घोडा: वुजूद-ए-जिहनी शिकताना या चुका टाळा

इब्न सीना किंवा मुल्ला सद्रा हे इस्लामी तत्त्वज्ञ वाचायला घेतले की पहिली ठेच ठरलेली: मनातली कल्पना म्हणजे वस्तूचा फोटो. या मताला 'शबह' म्हणतात, आणि वुजूद-ए-जिहनी, म्हणजे वस्तूचं मनातलं अस्तित्व, मानणारे ते नाकारतात. फोटो घोड्याचाच आहे हे ताडायला आधी घोडा माहीत हवा ना? त्यांच्या मते मनात येते ती वस्तूची माहीयत, म्हणजे ती 'काय आहे' ते. बदलतो फक्त अस्तित्वाचा प्रकार.

यावर उत्साही मंडळी लगेच विचारतात, मग अग्नीच्या विचाराने डोकं कसं जळत नाही? जाळणं हा बाहेरच्या अस्तित्वाचा परिणाम, म्हणून. पुढे चला.

खरी गोची इथे आहे. घोडा हे द्रव्य, 'जौहर'. ज्ञान हा मनाचा गुण, 'कैफ'. मग मनातला घोडा नक्की कोण, द्रव्य की गुण? तत्त्वज्ञ तूसीच्या 'तजरीद' या ग्रंथावरच्या भाष्यात कुशजीने (मृत्यू १४७४) दोन वेगळ्या गोष्टी मानल्या: मनात असलेला घोडा आणि मनाला लागलेलं ज्ञान. सोय झाली, पण मनात डोकावलं तर दोन कुठे सापडतात? त्याच भाष्यावर टिपा लिहिताना शिराजच्या दश्तकी आणि दवानी या दोन विद्वानांची जुंपली. दश्तकी म्हणे, मनात येताच द्रव्याचा गुण होतो. दवानी म्हणे, ज्ञानाला गुण म्हणणं ही नुसती ढिली बोली. १७व्या शतकात सद्राने 'आहे' या शब्दालाच हात घातला आणि त्याचे दोन प्रकार केले. 'अव्वली' आहे: अर्थ काय? 'शाए' आहे: नमुना कशाचा? मनातला घोडा अर्थाने द्रव्य, नमुना मात्र गुणाचा.

गाइड वाचून ही पायरी गाळणारे पुढे हमखास अडकतात. प्रत्येक 'आहे'वर पेन्सिलीने 'अ' किंवा 'शा' लिहा. सराव 'जुजई'वर करा: तिचा अर्थ 'एकालाच लागू', पण ही कल्पना स्वतः अनेकांना लागू, म्हणजे 'कुल्ली'.

'कुल्ली'पण बाहेर शोधू नका. बाहेर माणसं भेटतात, 'माणूस सर्वांना लागू' हे फक्त मनात.

विधान खरं की खोटं हे दर वेळी बाहेर बोट दाखवून ठरत नाही. 'ईश्वराचा भागीदार अशक्य' हे खरं, पण बोट कुठे दाखवणार? म्हणून कसोटी 'नफ्सुल-अम्र', गोष्ट मुळात जशी आहे तशी. नुसतं मनात येणंही पुरत नाही. 'चार विषम आहे' हेसुद्धा मनात येतंच.