कापूस घरात आहे तोवर

घरी रेकॉर्डिंग सुरू करायचं म्हणणारे पोट्टे पहिला प्रश्न एकच विचारतात, "भाऊ, माइक कोणता घेऊ?" मी पण तिथूनच सुरुवात केली होती म्हणून हसत नाही. सोयाबीनचे पैसे आले त्या वर्षी कंडेन्सर माइक आणि दोन इनपुटचा छोटा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) मागवला, कारण व्हिडिओत सगळ्यांजवळ तोच दिसायचा, अन् लावून पाह्यला तं त्यात माझा आवाज सोडून सगळं होतं, कूलर, शेजारची बकरी, मोझरीच्या हायवेवरचे ट्रक, माय पोळ्या लाटते तो बांगड्यांचा आवाज. कंडेन्सर फार हळवा असतो, त्याला केबलमधूनच 48 व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, लागते आणि तो खोलीचा कोपरान् कोपरा ऐकतो. आपल्यासारख्या टिनाच्या घरात साधा डायनॅमिक माइक बरा, तोंडाजवळ धरा, मागचं तो फारसं घेत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तं पैसे वाचले असते, पण कोणाला विचारणार, गावात रेकॉर्डिंग म्हणजे लग्नाचं शूटिंग.

गाण्याचं वेड मात्र गावातलंच. तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले, त्याला इतकी वर्षं झाली तरी आमच्या पट्ट्यात भजन म्हटलं की हातात खंजिरीच येते, लहानपणी गुरुवारच्या भजनात मी मागं बसून झांज वाजवायचो. आणि गाणारे लोक पुण्या-मुंबईतच जन्मतात असं वाटायचं, तं पुढं कळलं की वसंतराव देशपांडे 1920 मध्ये मुर्तिजापूरला जन्मले, ज्या स्टेशनवर आम्ही मावशीकडं जायला उतरतो तिथं. सुरेश भट तर अमरावतीचेच. तेव्हा म्हटलं, आपण निदान घरात बसून तं गाऊ.

आता खंजिरीचं सांगतो, कारण पहिल्यांदा तिनंच माझा माज उतरवला. मंडळातले एक काका आले, मी म्हटलं काका जरा वाजवून दाखवा, त्यांनी हळूच टिचक्या मारल्या, मी गेन, म्हणजे माइकचा आवाज किती उचलायचा ते, सेट केला. भजन रंगात आलं अन् काकांचा हात असा सुटला की सगळी लेव्हल लाल, झांजेच्या जागी नुसता चर्रचर्र आवाज. काका घरी गेल्यावर कळलं, तोवर उशीर झाला होता. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. टेस्टिंगला माणूस लाजत वाजवतो हे धरून चाला, लेव्हल ठरली की गेन अजून 6 डीबी खाली घ्या, पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, मीटरवर उणे 12 डीबीच्या आसपास राहू द्या. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तं हळू आवाजाची भीती नाही, नंतर वाढवता येतो. खंजिरीपासून माइक तीन-चार फूट लांब, अन् थोडा तिरपा.

पेटीची भानगड वेगळीच. आमची मंडळाची पेटी जुनी, ट्यूनरवर पाह्यलं तं 440 हर्ट्झच्या, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या सुराच्या, हिशोबानं पंचवीस-तीस सेंट चढी, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांत जेवढं अंतर त्याचा पाव हिस्सा किंवा थोडं जास्त, अन् मी आधी कीबोर्डवर सगळा ट्रॅक बनवून बसलो होतो. दोन दिवस गेले. आता पहिले पेटी मोजतो, मग कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तितकं सरकवतो.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकू नका, ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर 60 दिवस पूर्ण वापरून पाहता येतं. गाताना सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर (आवाज किती साठवून मग पुढं सोडायचा ते) 128 ठेवा, नाहीतर हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागून येतो अन् ताल सुटतो, मिक्सिंगला 1024 करा.

एक मात्र महत्त्वाचं. माझ्या सगळ्या ट्रॅकमध्ये एक घुंऽऽ असायचं, मी माइकला, केबलला शिव्या दिल्या. एक दिवस लॅपटॉपचा चार्जर काढला अन् घुं बंद. घराला अर्थिंगच नव्हतं! खड्डा खणून मीठ-कोळसा टाकून प्लेट पुरली तेव्हा ते गेलं. तोवर बॅटरीवर गात होतो, तसंही लोडशेडिंगमध्ये रेकॉर्डिंग चांगलं होते, कूलर नाही, मोटर नाही, टीव्ही नाही.

अन् खोली. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा, टन्नकन परत येते, तीच टन्न तुमच्या गाण्यात येणार. लोक फोम घ्यायला सांगतात. माझ्याजवळ काय होतं सांगू? दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव वाढेल म्हणून बाबांनी मागच्या खोलीत भरून ठेवला होता, पार छातीपर्यंत. मी दाराजवळ जेमतेम उभा राहीन एवढ्या जागेत माइक लावला आणि टाळी वाजवली तं टाळी हातातच मेली. इतका स्वच्छ आवाज मी माझा कधी ऐकला नव्हता. अंगाला खाज सुटली ते सोडा (अन् तिथं उदबत्ती, बिडी काही नाही, गंमत नाही ती). मुखडा अन् एक अंतरा तिथं गायलो. दुसरा अंतरा उद्या म्हटलं, उद्या भाव दोनशेनं चढला, बाबांनी गाडी बोलावली, खोली रिकामी. त्या खोलीत दुसरा अंतरा गायला तं वाटे दुसराच माणूस विहिरीतून गाऊन राह्यला. ट्रॅक्टरच्या डेकवर लावून ऐकला, तिथं पण सांधा कळत होता. शेवटी दोरीवर तीन वाकळी टाकून सगळं पहिल्यापासून गावं लागलं.

यंदा कापूस अजून घरात आहे. दोन गाणी राह्यली आहेत. काल जेवताना बाबांना सहज विचारलं, विकायची घाई तं नाही ना. ते म्हणाले, "तुह्या गाण्यासाठी ठेवू का मी कापूस घरात?" मी काही बोललो नाही, ताट उचललं अन् माइक घेऊन मागच्या खोलीत गेलो.