आधी ऐका, मग पाना उचला : जुन्या गाडीच्या नॉकिंगमधल्या चुका

बॉनेटखालून आवाज आला की लोक छातीठोकपणे सांगतात, 'नॉकिंग आहे.' नेहमी नसतं. थंड इंजिन आयडलला टिकटिक करत असेल तर टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) गॅप बघा. ऑइलचा लाल दिवा लागलाय आणि खालून जड ठकठक येतेय? इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि टोइंगवाल्याला फोन लावा. 'गॅरेज जवळच आहे' म्हणत चालवत नेलेली इंजिनं मी पाहिली आहेत. खरं नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटणं, गाडी तापल्यावर, चढाला, ॲक्सिलरेटर दाबला की ऐकू येतं. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं. पाय सैल सोडला की थांबतं. मी सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, काच खाली करून पेडर रोडचा चढ चढतो. निदान तिथेच होतं.

माझा खरा राग कानाने टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडावी ते, लावणाऱ्यांवर आहे. भाच्याची कार्बोरेटरवाली मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, तिच्याकडून अपेक्षा तरी किती ठेवायची? एका गॅरेजमधल्या पोराने डेल्कोचा (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) नट ढिला केला, जरा फिरवला, रेस देऊन ऐकलं, झालं टायमिंग. भाचा खूश, "मामा, पिकअप बघा आता!" पिकअप आला होता, नाही म्हणत नाही. महिन्याभराने चार माणसं आणि सामान घालून हा लोणावळ्याला निघाला. खोपोली सोडल्यावर घाटात खडखड सुरू. याने गाण्यांचा आवाज वाढवला. परत आला तो निळा धूर सोडत. गॅरेजवाला म्हणे, पेट्रोल खराब. इंजिन खोललं तर मधल्या पिस्टनचा, दोन रिंगांमधला काठ तुटलेला. जास्त पुढे सरकवलेल्या टायमिंगचा प्रताप.

मी असं करतो. पॉइंटवाली (डेल्कोत करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेली) गाडी असेल तर आधी पॉइंटचा गॅप, कारण गॅप वाढला की टायमिंगही पुढे सरकतं. उलट्या क्रमाने केलं तर दोनदा मेहनत. मग इंजिन गरम करून, डेल्कोला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करून, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) खुणेवर मारतो. डिग्री त्या गाडीच्या मॅन्युअलमधली, शेजाऱ्याच्या गाडीची नाही. व्हॅक्यूमचा पाइप तोंडाने ओढून बघतो. डेल्कोतली प्लेट सरकून तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर डायफ्रॅम, म्हणजे आतला पडदा, फाटलाय.

महागडं प्रीमियम पेट्रोल भरून आवाज दाबू नका, मूळ दोष तसाच राहतो. आताच्या ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमधल्या इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, वाढतं, पण जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं, हवेच्या मानाने इंधन कमी. जेटमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) कचरा असला तर आणखीच. प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, क्षार साचतात आणि शीवच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढला की नॉकिंग हजर. स्पीडब्रेकरवरून तिसऱ्या गिअरमध्ये रडत रडत गाडी काढणाऱ्यांना काय सांगणार! दुसरा टाका.

हे सगळं जागेवर असूनही खडखड राहिली तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा नेहमीपेक्षा जास्त आला तर आत कार्बन साचलाय, हेड खोलून साफ करावा लागेल.

भाचा आता टायमिंग लाइटनेच लावतो. लाइट माझाच नेतो, आणि मागितल्याशिवाय परत देत नाही.