बोअरचं पाणी तपासून घेतलं तेव्हा

मे महिन्यात पालिकेचं पाणी कमी पडलं आणि बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी प्यायला वापरायची चर्चा सुरू झाली. टीडीएस ४०० च्या आसपास, मग भीती कसली, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. पण टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. जंतू त्याला दिसतच नाहीत. घरात लहान मुलं असताना हे सोडून देणं मला पटेना.

नमुना घेण्यातच खरी काळजी लागते. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणली. टाकीचा नळ नको, थेट पंपाजवळचा नळ घेतला. त्याचं तोंड ज्योतीने तापवलं, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू दिलं, बाटलीच्या आत बोट लागू दिलं नाही, आणि बर्फाच्या डब्यातून त्याच सकाळी पोचती केली. रसायनांसाठी बाटली वेगळी.

आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे १०० मिली पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, अजिबात सापडता कामा नयेत. आमच्यात सापडले. नायट्रेटही लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर! दोन्ही एकत्र म्हणजे सांडपाण्याचा संशय. शोधलं तर बोअरजवळचं ड्रेनेज चेंबर तडकलेलं.

चेंबर दुरुस्त केलं, केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाइपाभोवती, सिमेंटचा ओटा बांधला, बोअर क्लोरीनने धुतली. क्लोरीन पूर्ण उतरल्यावर फेरतपासणी केली: ई. कोलाय नाहीत. तरी बोअरची लाइन आम्ही फक्त फ्लशला जोडली, कारण क्लोरीनने नायट्रेट जात नाही, उकळूनही नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना देणार आहोत.