राइट केलेल्या डिस्कवरील वलये आणि लेखनाचा वेग : या चुका टाळा

इंदूरमधील पुष्कळ मराठी घरांत लग्नामुंजींचे चित्रीकरण, गणेशोत्सवातले कार्यक्रम आणि घरगुती मैफलींचे ध्वनिमुद्रण आजही सीडी-डीव्हीडीवर जपलेले आहे, आणि नातेवाइकांसाठी त्याच्या प्रती काढणे अजून चालूच असते. नवी प्रत ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की मागच्या बाजूला बारीक वलये किंवा फिक्या-गडद छटांचे पट्टे दिसतात आणि ‘डिस्क खराब निघाली’ म्हणून ती बाजूला टाकली जाते. ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण टाकलेल्या डिस्कपैकी अनेक पूर्णपणे चांगल्या असतात.

डिस्कवरील लेखन आतून बाहेर होत जाते. लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटतात आणि त्यामुळे लिहिलेल्या भागावरून प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परावर्तित होतो. जिथे लेसरची शक्ती किंवा लेखनाचा वेग बदलतो, तिथे छटाही बदलते. आतल्या लहान घेरात वरचा वेग गाठायचा तर डिस्क फारच जोरात फिरवावी लागेल, म्हणून काही रायटर (डिस्कवर लिहिणारे ड्राइव्ह) टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात. ८एक्सवर, म्हणजे मूळ वेगाच्या आठपट वेगाने, लिहिणारा असा डीव्हीडी रायटर ४एक्सने सुरुवात करून पुढे ६एक्सवर आणि शेवटी ८एक्सवर जातो. प्रत्येक टप्प्याच्या सीमेवर तो क्षणभर थांबतो, नवा वेग घेतो आणि तिथूनच पुढे लिहू लागतो. भरलेल्या डिस्कवर अशी दोन रेखीव वलये दिसली, तर ती या सीमांचीच असण्याची शक्यता अधिक. ज्या रायटरमध्ये वेग सलग वाढत जातो, त्यात असे स्पष्ट पट्टे सहसा दिसत नाहीत.

डिस्क पूर्ण भरलेली नसेल, तर लेखन संपते तिथे कडा दिसणारच. सीडीवर पुन्हापुन्हा थोडा थोडा मजकूर टाकल्यास प्रत्येक सत्राच्या (एका वेळी लिहिलेल्या भागाच्या) शेवटीही वलय उमटते, आणि पहिले सत्र बंद करण्यात सुमारे २२ एमबी जागा खर्च होते.

लक्ष द्यायला हवे ते अनियमित अंतरावरच्या अनेक बारीक वलयांकडे. संगणकाकडून माहिती वेळेवर पोहोचली नाही, की बफर (माहिती तात्पुरती साठवणारी रायटरमधली जागा) रिकामा होतो. पूर्वी अशा वेळी डिस्क वायाच जात असे. २००० साली सान्योने आणलेल्या बर्न-प्रूफसारख्या तंत्रामुळे रायटर थांबतो आणि माहिती आली की पुढे लिहितो. डिस्क वाया जात नाही, पण लेखन थांबले तिथे सांधे राहतात. चरे पडलेल्या जुन्या सीडीवरून थेट नव्या सीडीवर प्रत काढताना हे हमखास घडते. त्यासाठी आधी सर्व माहिती हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी, ती ऐकून वा पाहून तपासावी आणि मगच राइट करावे. तोवर संगणकावर दुसरे जड काम चालवू नये.

वेगाच्या बाबतीत दोन टोके गाठली जातात. घाईत सर्वांत वरचा वेग निवडला, तर बाहेरच्या कडेजवळ चुका वाढतात, आणि मैफलीची भैरवी नेमकी तिथेच असते. याउलट, ‘जितके हळू तितके उत्तम’ हा समजही आजच्या डिस्कना लागू पडत नाही, कारण वेगवान डिस्कचे रंगद्रव्य आणि त्यासाठी रायटरमध्ये भरलेल्या सूचना वरच्या वेगांना धरून ठरवलेल्या असतात. १६एक्स डीव्हीडीला ८एक्स आणि ५२एक्स सीडीला १६ ते २४एक्स हा मधला वेग माझ्या मते सुरक्षित आहे. ४एक्सवर लिहिल्यास टप्पेच पडत नाहीत आणि वलये नाहीशी होतात, हे खरे. पण वलय नसणे हा डिस्क चांगली असल्याचा पुरावा मानू नये.

पुरावा वाचनातूनच मिळतो. राइट झाल्यावर पडताळणीचा पर्याय टाळू नये, आणि तेवढ्यावरही थांबू नये. दुसऱ्या ड्राइव्हवर संपूर्ण डिस्क वाचून पाहावी. वाचनाचा वेग एखाद्या वलयापाशी अडखळत असेल, तर ते वलय दोषाचे समजावे. चुका मोजण्याची सोय असलेल्या ड्राइव्हवर सीडीची सी२ संख्या (गंभीर वाचन-चुकांची मोजणी) शून्यच आली पाहिजे.

जेल रोडवरच्या दुकानांत मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या कोऱ्या डिस्कचा डबा दिसला, तर माल जुना आहे हे ध्यानात ठेवावे, कारण ती कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. संपूर्ण डबा वापरण्याआधी त्यातील एक डिस्क राइट करून तपासावी. कोऱ्या डिस्कच्या मागच्या बाजूला बोट लागू देऊ नये. धूळ पुसायचीच असेल, तर मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवू नये. मे महिन्यात इंदूरचे तापमान चाळिशीच्या वर जाते, तेव्हा राइट केलेल्या डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नयेत.

प्रत्येक डिस्कच्या कव्हरवर रायटरचे नाव, वेग आणि तारीख लिहावी. पुढे एखादी डिस्क वाचेनाशी झाली, तर त्याच दिवशी, त्याच वेगाने केलेल्या बाकीच्या डिस्क आधी तपासता येतात.