यूकेत पगार अडकलाय? आधी तारीख मोजा

पगार ज्या दिवशी मिळायला हवा होता तिथून 3 महिने वजा 1 दिवस, म्हणजे 28 मार्चचा पगार बुडाला तर 27 जूनपर्यंत एकासला (Acas, उत्तर आयर्लंड सोडून यूकेत नोकरीतले वाद समेटाने मिटवणारी सरकारी संस्था) कळवायलाच हवं, डायरेक्ट ट्रायब्युनलला (नोकरीच्या वादांचं कोर्ट) जाता येत नाही. एकासमध्ये समेटाची बोलणी चालू असतात तेवढे दिवस घड्याळ थांबतं, पण मॅनेजरच्या "पुढच्या आठवड्यात नक्की देतो" ने थांबत नाही, प्लीज त्यावर विसंबू नका! दर महिन्याला कापत असतील तर शेवटच्या कपातीपासून मोजा. मुदत 6 महिने करायचा कायदा 2025 ला पास झालाय, पण तो लागू होईपर्यंत 3 महिनेच धरा. मुदत हुकलीच तर इंग्लंड-वेल्समध्ये काउंटी कोर्टात 6 वर्षांपर्यंत दावा करता येतो. पेस्लिप जपून ठेवा.